व्हॅनची अ‍ॅम्ब्युलन्स घेताय? आधी वजनाचा हिशोब करा, कंपनी नंतर निवडा

युरोपात अ‍ॅम्ब्युलन्स खरेदीचं काम ज्याच्या गळ्यात पहिल्यांदा पडतं, तो बहुधा ‘स्प्रिंटर घ्यावी की डुकाटो’ इथूनच सुरुवात करतो. विक्रेत्यालाही तेच हवं असतं. खरे प्रश्न दोनच आहेत आणि दोन्ही रटाळ आहेत. सगळं सामान, कर्मचारी आणि रुग्ण भरल्यावर गाडी कायद्यातल्या वजनात राहते का? आणि गाडी जोरात धडकली तर आतली कोणती वस्तू सुटून कुणाच्या डोक्यात जाईल? यांची उत्तरं लेखी हातात आली की बाकीची निवड बरीच सोपी होते.

जर्मनी, पोलंड, आयर्लंड, ब्रिटन अशा देशांत रुग्णवाहतुकीच्या खासगी कंपनीत, छोट्या रुग्णालयात किंवा स्वयंसेवी पथकात काम करताना ज्यांचं नाव अचानक खरेदी समितीत आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पुण्यात बसून युरोपातल्या गिऱ्हाइकासाठी गाडीच्या आतली मांडणी काढणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

पहिली पायरी: ‘युरोपीय मानक’ म्हणजे कोणता कागद ते समजून घ्या

रस्त्यावरच्या अ‍ॅम्ब्युलन्ससाठीचं युरोपीय मानक म्हणजे ईएन १७८९. ते पहिल्यांदा १९९९ मध्ये आलं, २००७ मध्ये नव्यानं लिहिलं गेलं, २०१० आणि २०१४ मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या, आणि त्यानंतरची आवृत्ती २०२० ची आहे. स्ट्रेचर, उचलायच्या खुर्च्या, स्ट्रेचरखालचं टेबल यांच्यासाठी वेगळी मालिका आहे, ईएन १८६५. तिचे पहिले पाच भाग असे: साधं स्ट्रेचर, बॅटरीवर चालणारं स्ट्रेचर, जाड्या रुग्णांसाठीचं मजबूत स्ट्रेचर, घडीची खुर्ची आणि स्ट्रेचरचा आधार.

मानक हा आपोआप कायदा होत नाही. कायद्याचं काम युरोपीय संघाचं वाहनमान्यतेचं नियमन करतं. २०१८/८५८ या क्रमांकाचं हे नियमन १ सप्टेंबर २०२० पासून लागू आहे. त्यात अ‍ॅम्ब्युलन्स ही एम, म्हणजे प्रवासी वाहनांच्या गटातली विशेष वापराची गाडी आहे आणि तिची खूण ‘एससी’. रुग्णकक्ष ईएन १७८९ प्रमाणे असावा असं त्यात म्हटलंय, पण उपकरणांची यादी त्यातून वगळली आहे. नवखे नेमके इथेच फसतात. नोंदणीच्या कागदावर ‘एससी’ आहे म्हणजे आत सक्शन पंप, डिफिब्रिलेटर, व्हॅक्यूम गादी हे सगळं असेलच असं धरून चालू नका. कागद फक्त पेटीची ग्वाही देतो. पेटीत काय भरायचं ते तुमच्या देशाचे आरोग्यविषयक नियम आणि तुमचा करार ठरवतो.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा: ‘ईएन १७८९ ची कोणती आवृत्ती?’ उत्तर देताना तो घुटमळला तर पुढचं बोलणं जपून करा. जुन्या गाडीचा सौदा असेल तर हा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा, कारण ती ज्या साली बांधली त्या सालची आवृत्ती तिला लागू झालेली असते.

दुसरी पायरी: प्रकार ठरवा, आणि अक्षरांवरून गोंधळू नका

ईएन १७८९ मध्ये गाड्यांचे प्रकार असे आहेत: ए१ म्हणजे एका रुग्णाची साधी ने-आण, ए२ म्हणजे एक किंवा अधिक रुग्णांची साधी ने-आण, त्यात व्हीलचेअर आणि बसून येणारे रुग्णही धरले जातात, बी म्हणजे तातडीची अ‍ॅम्ब्युलन्स, जिच्यात प्राथमिक उपचार आणि देखरेख होते, सी म्हणजे चालता-फिरता अतिदक्षता विभाग.

भारतातून आलेल्यांसाठी इथे एक खड्डा आहे. आपल्याकडच्या एआयएस-१२५ या अ‍ॅम्ब्युलन्सच्या मानकातही अक्षरंच आहेत, पण अर्थ वेगळे. तिथे ए म्हणजे प्रथम प्रतिसादाचं वाहन, बी म्हणजे रुग्णाची साधी ने-आण, सी म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट आणि डी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड. म्हणजे युरोपातली ‘टाइप बी’ अपघाताच्या जागी धावते आणि आपली ‘टाइप बी’ आजोबांना डायलिसिसला नेते. नागपूरच्या पुरवठादाराचं कोटेशन आणि पोलंडच्या पुरवठादाराचं कोटेशन शेजारी ठेवून किमतींची तुलना करणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

कोणता प्रकार घ्यायचा? तुमच्या कामाची गेल्या वर्षीची नोंदवही काढा. बहुतेक फेऱ्या डायलिसिस, घर ते रुग्णालय, रुग्णालय ते पुनर्वसन केंद्र अशा असतील तर ए२ पुरे. प्रत्यक्ष तातडीच्या कॉलवर जायचं असेल तर बी. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण एका अतिदक्षता विभागातून दुसरीकडे न्यायचा असेल तर सी. जर्मनीत रेटुंग्सवागेन, म्हणजे तातडीची अ‍ॅम्ब्युलन्स, सहसा सी प्रकारची असते, आणि डॉक्टर बहुतेक ठिकाणी वेगळ्या मोटारीतून येऊन घटनास्थळ गाठतो. मोठ्या ताफ्यातही सगळ्या गाड्या वरच्या दर्जाच्या नसतात. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्यांपैकी २३३ अ‍ॅडव्हान्स्ड होत्या आणि ७०४ बेसिक.

माझं स्पष्ट मत: छोट्या संस्थांनी केवळ प्रतिष्ठेपायी सी घेऊ नये. सी मध्ये सामान जास्त, सामान जास्त म्हणजे वजन जास्त, आणि वजन जास्त झालं की पुढच्या पायरीत सगळं गणित कोसळतं.

तिसरी पायरी: वजनाचं गणित कागदावर मांडा

इथे मी रेंगाळणार आहे, कारण व्हॅनच्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

युरोपात साध्या मोटारीच्या, म्हणजे बी वर्गाच्या लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते. त्याच्या वर ७५०० किलोपर्यंत सी१ वर्गाचं लायसन्स लागतं. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ च्या आधी परीक्षा पास झालेल्यांना आणि जर्मनीत १९९९ च्या आधी जुनं ‘क्लास ३’ लायसन्स काढलेल्यांना साडेसात टनांपर्यंतची मुभा जुन्या लायसन्सवरच आहे. तुमच्या पथकातले पन्नाशीचे सहकारी म्हणतील, ‘काय अडतंय, मी चालवतो की.’ पण तिशीतल्या ड्रायव्हरला ती मुभा नाही. जर्मनीत अग्निशमन आणि बचाव पथकांच्या स्वयंसेवकांसाठी ४.७५ टनांपर्यंतचा खास परवाना काही राज्यांत देतात. खासगी कंपनीला त्याचा उपयोग नाही. त्यामुळे गाडी साडेतीन टनांत बसवायची की वर जायचं, हा निर्णय खरं तर तुमच्या ड्रायव्हरांच्या खिशातल्या कार्डांवर ठरतो.

आता एक उदाहरण करून पाहू. आकडे हिशोब समजण्यापुरते घेतलेत, तुमच्या गाडीचे तुम्ही भरा.

उंच छपराच्या मध्यम लांबीच्या व्हॅनचं चालण्याच्या तयारीतलं वजन २२५० किलो धरू. युरोपीय कागदांवर या वजनात ७५ किलोचा ड्रायव्हर आणि ९० टक्के भरलेली टाकी आधीच धरलेली असते. तो ड्रायव्हर पुन्हा मिळवू नका. ३५०० मधून २२५० गेले, उरले १२५०. आतली बांधणी, म्हणजे फरशी, भिंतींची पॅनेलं, मधली भिंत, कपाटं, जादा बॅटरी, एसी, हीटर, निळे दिवे, सायरन, यांचे ६०० किलो धरा. उरले ६५०. ड्रायव्हर सोडून तीन माणसं, दोन कर्मचारी आणि एक रुग्ण, प्रत्येकी ७५ किलो: २२५ गेले, उरले ४२५. बॅटरीवर उचललं जाणारं स्ट्रेचर आणि खालचं सरकतं टेबल मिळून १७० किलो, उरले २५५. ऑक्सिजनचे सिलिंडर, मॉनिटर, व्हेंटिलेटर, सक्शन, बॅगा, घडीची खुर्ची, स्कूप (दोन भागांत उघडणारं स्ट्रेचर), व्हॅक्यूम गादी, चादरी, पाण्याच्या बाटल्या यांचे १६० किलो. उरले ९५.

९५ किलो म्हणजे बरं दिसतं. पण रुग्ण ७५ ऐवजी १२० किलोचा निघाला की ४५ गेले. त्याची बायको ‘मी पण येणार’ म्हणून पुढे बसली की आणखी ६०-७० गेले. गाडी कायद्याबाहेर, आणि अजून कुणी हिवाळ्यातल्या बर्फाच्या साखळ्या मागे टाकल्या नाहीत.

म्हणून निव्वळ बेरीज जमली म्हणून खूश होऊ नका. रिकाम्या राहिलेल्या वजनाला कोटेशनमध्ये आकडा मागा, आणि तो आकडा करारात लिहून घ्या. माझ्या मते बी प्रकारात, वर मांडल्यासारखं सगळं भरल्यावर, दीडशे किलोच्या आत राखीव उरत असेल तर एक तर बॅटरीचं स्ट्रेचर सोडा, नाहीतर ३.८८ किंवा ४.१ टनांच्या चॅसीकडे जा आणि ड्रायव्हरांच्या सी१ चा खर्च धरा. बॅटरीचं स्ट्रेचर सोडा म्हणणं सोपं, पण रोज चार मजले उतरवणाऱ्या माणसाच्या कमरेचा विचार करा. मी असतो तर चॅसी बदलली असती.

एकूण वजनाइतकंच दोन्ही आसांवरचं (अ‍ॅक्सलवरचं) वजन पाहावं लागतं. एकूण ३४०० किलो असूनही मागचा आस त्याच्या मर्यादेबाहेर गेलेला असू शकतो, कारण स्ट्रेचर, रुग्ण आणि ऑक्सिजन सगळं मागेच असतं. डाव्या-उजव्या बाजूंचाही तोल बघा. एका भिंतीला कपाटांची पूर्ण रांग आणि समोरच्या भिंतीला नुसतं सरकतं दार अशी मांडणी असली की वळणावर गाडी एका अंगाला झुकते आणि एका बाजूची स्प्रिंग लवकर बसते.

चौथी पायरी: मग गाडी निवडा

पत्र्याची अखंड व्हॅन की चॅसीवर बसवलेला डबा, हा वाद जुना आहे. डब्यात जागा सरळ भिंतींची मिळते आणि चॅसी म्हातारी झाली की डबा उचलून नव्या चॅसीवर बसवता येतो. जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये तातडीच्या सेवेत डबे बरेच दिसतात. पत्र्याची व्हॅन हलकी, स्वस्त आणि अरुंद गल्लीत शिरणारी. इटली, पोलंडमध्ये तिचंच राज्य आहे. पहिली गाडी घेणाऱ्या लहान संस्थेला मी व्हॅनच सुचवेन. तोटा एकच: भिंती वर जाताना आत झुकतात, त्यामुळे खांद्याच्या उंचीवर जागा कमी होते आणि कपाटं त्या झुकावाला जुळवून बनवावी लागतात.

कंपन्यांमध्ये मर्सिडीज स्प्रिंटर, फोक्सवागेन क्राफ्टर आणि तिचीच जुळी मान टीजीई, फियाट डुकाटो, फोर्ड ट्रान्झिट, रेनॉ मास्टर ही नावं सगळीकडे भेटतील. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीची फरशी खाली असते, कारण मागच्या आसाकडे जाणारा दांडा नसतो. स्ट्रेचर चढवायला ते बरं पडतं. मानकात चढवण्याचा कोन १६ अंशांच्या आत ठेवायला सांगितलंय. डोंगराळ किंवा बर्फाच्या भागात मात्र मागची किंवा चारही चाकं ओढणारी गाडी लागते. गाड्यांची सुरक्षा तपासणारी युरो एनकॅप ही संस्था डिसेंबर २०२० पासून व्हॅनच्या सुरक्षाप्रणालींना, म्हणजे आपोआप ब्रेक, लेन सांभाळणं वगैरेंना, वेगळी श्रेणी देते. तुम्ही पाहताय त्या मॉडेलची श्रेणी आणि ती कोणत्या वर्षीची आहे ते बघून घ्या. आणखी एक बारीक गोष्ट: पुढच्या जाळीत निळे दिवे बसवताना ब्रेकच्या रडारसमोर काही आडवं येत नाही ना, हे व्हॅनची अ‍ॅम्ब्युलन्स बांधणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्या.

ताकदीबद्दल मानक फार मागत नाही. भरलेली गाडी शून्यावरून ताशी ८० किलोमीटरला ३५ सेकंदांत पोचली तरी चालते. आजची कुठलीही व्हॅन हे करते, तेव्हा इंजिनच्या अश्वशक्तीवर चर्चा करण्यात समितीची संध्याकाळ घालवू नका.

विजेवरच्या व्हॅनचा मोह होईल. शहरात, रोज ठरावीक फेऱ्यांच्या ए२ साठी ती चांगली. तातडीच्या कामात बॅटरीचं वजन तिसऱ्या पायरीतले उरलेले किलो खाऊन टाकतं, त्यामुळे तिथे आधी गणित करा.

पाचवी पायरी: १० जी चा कागद मागा आणि स्क्रू बघा

ईएन १७८९ चा गाभा इथे आहे. रुग्णकक्षातली माणसं आणि वस्तू, सगळं काही पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे आणि उभ्या दिशेनं १० जी इतक्या धक्क्याला जागेवर राहिलं पाहिजे. १० जी म्हणजे वस्तू आपल्या वजनाच्या दहापट जोरानं ओढली जाते. ८ किलोचा मॉनिटर ८० किलोचा होतो. ५७ किलोचं स्ट्रेचर आणि त्यावर ८० किलोचा रुग्ण मिळून जवळजवळ १४०० किलोंचा ओढा फरशीतल्या कुलपावर येतो.

पत्रकांत सगळेच ‘१० जी चाचणी केलेली’ असं छापतात. प्रश्न असा: कशाची चाचणी? अमुक ब्रॅकेट, त्यात अमुक कंपनीचा अमुक मॉनिटर, अमुक प्रकारच्या भिंतीत बसवलेला, अशी जोडगोळी तपासलेली असते. ब्रॅकेटचा निर्माता त्याच्या ब्रॅकेटची ग्वाही देईल. तो ब्रॅकेट तुमच्या गाडीच्या भिंतीत नीट धरलाय का, याची ग्वाही बांधणाऱ्या कंपनीनं द्यायची असते. म्हणून चाचणीचा अहवाल मागताना चार गोष्टी पडताळा: चाचणी कोणत्या प्रयोगशाळेनं केली, कोणत्या मूळ गाडीवर, कोणत्या मॉडेलच्या स्ट्रेचरसह, आणि मानकाच्या कोणत्या आवृत्तीप्रमाणे. जर्मनीत ट्यूफ, डेक्रा, स्पेनमध्ये इडियाडा अशा त्रयस्थ संस्था अशा चाचण्या करतात. केवळ कंपनीचं स्वतःचं घोषणापत्र असेल तर त्यामागचा अहवाल दाखवायला सांगा. अहवालात एका कंपनीचं स्ट्रेचर आणि तुमच्या कोटेशनमध्ये दुसऱ्याच कंपनीचं, असं दिसलं तर तो अहवाल तुमच्या गाडीचा नाही.

कागद झाले की कारखान्यात जाऊन तयार नमुना गाडी पाहा. हे टाळू नका. मॉनिटरच्या ब्रॅकेटला दोन्ही हातांनी धरून जोरात हिसडा द्या. भिंतीचं पॅनेल लवलं तर मागे पोलादी पट्टी नाही. एक कपाट रिकामं करायला सांगा आणि आत टॉर्च मारा. बोल्ट गाडीच्या धातूच्या सांगाड्यात किंवा आत बसवलेल्या पट्टीत गेलेला दिसला पाहिजे, मोठ्या वॉशरसकट. नुसता प्लायवूडमध्ये मारलेला स्क्रू दिसला तर तिथे काय अडकवलंय ते पाहा. बँडेजच्या पट्ट्यांचं खोकं असेल तर ठीक, अग्निशामक नळकांडं असेल तर नाही. मग खण. भरलेला खण उघडून सोडून द्या आणि तो आपणहून बंद होऊन कडी लागते का ते बघा. धडकेत सगळ्यात आधी सुटतात ते खण, आणि त्यात कात्र्या असतात.

आतलं साहित्य हळू जळणारं हवं. आयएसओ ३७९५ प्रमाणे जळण्याचा वेग मिनिटाला १०० मिलिमीटरपेक्षा कमी असायला हवा. गाद्यांच्या आणि सीटच्या कापडासाठीही हा कागद मागा, कारण नंतर शिवून घेतलेल्या कव्हरांचा कुणी विचार करत नाही.

सहावी पायरी: सीटवर स्वतः बसा, पट्टा लावा

कर्मचाऱ्यांच्या सीट पुढे किंवा मागे तोंड करून असाव्यात. भारतात रुग्णाशेजारचा लांब बाक भिंतीला पाठ लावून असतो. युरोपीय मानकाच्या गाडीत तशा आडव्या बसणीला जागा नाही, कारण धडकेत आडव्या बसलेल्या माणसाची मान आणि कंबर वाचत नाही. फिरणारी सीट असेल तर गाडी चालू असताना ती कोणत्या कोनांत कुलूपबंद होते ते विचारा.

मग खरी परीक्षा घ्या. तुमच्यातला सगळ्यात बुटका कर्मचारी आणि सगळ्यात उंच कर्मचारी सोबत न्या. दोघांना आळीपाळीनं रुग्णाशेजारच्या सीटवर बसवा, पट्टा लावा, आणि न उठता या गोष्टींना हात पोचतो का ते बघा: रुग्णाचं डोकं, ऑक्सिजनचा फ्लोमीटर, सक्शनची नळी, मॉनिटरची बटणं, हातमोजे, उलटीची पिशवी. यातल्या प्रत्येक ‘नाही’ची किंमत पुढे रोज कुणीतरी पट्टा सोडून उठण्यात मोजणार आहे. उंच माणसाला ड्रायव्हरच्या सीटवरही बसवा. मधल्या भिंतीमुळे सीट मागे सरकत नाही हे पुष्कळ व्हॅनमध्ये होतं.

मधली भिंत हवीच. तिच्यात ड्रायव्हर आणि मागचा कर्मचारी एकमेकांना पाहू शकतील अशी खिडकी असते आणि ती आपणहून सरकता कामा नये. दार असलं तर चालत्या गाडीत ते उघडणार नाही अशी सोय लागते.

सातवी पायरी: हवा, वीज, ऑक्सिजन

इथे भराभर जाऊ. बाहेर आणि आत उणे १० अंश असताना सुरू केलेल्या हीटरनं रुग्णकक्ष १५ मिनिटांत निदान ५ अंशांवर आणि अर्ध्या तासात २२ वर न्यायला हवा. इंजिनवर न चालणारा स्वतंत्र हीटर घ्या. गाडी उभी असताना ताशी निदान २० वेळा हवा बदलली पाहिजे; कोविडनंतर याची किंमत सगळ्यांना कळली.

बाहेरून २३० व्होल्ट जोडायचं सॉकेट हवं, म्हणजे उभ्या गाडीत उपकरणं चार्ज राहतात. केबल लावलेली असताना इंजिन सुरूच होऊ नये, किंवा सुरू होताच प्लग आपोआप बाहेर पडावा. हे नमुना गाडीवर करून बघायला दोन मिनिटं लागतात. निळ्या दिव्यांना संयुक्त राष्ट्रांच्या आर६५ नियमाची आणि विद्युत जोडण्यांना आर१० ची मान्यता लागते. दिव्याच्या काचेवर तशी खूण छापलेली असते.

ऑक्सिजनसाठी बी आणि सी मध्ये गाडीत बसवलेला साठा निदान २००० लिटर आणि हातात नेता येणारा ४०० लिटर. १० लिटरचा सिलिंडर २०० बारला भरला की २००० लिटर होतात. मिनिटाला १५ लिटरनं तो सव्वादोन तासांच्या आत संपतो. हातातला साधारण २७ मिनिटांत. तुमच्या भागातलं सगळ्यात दूरचं रुग्णालय दोन तासांवर असेल तर दोन सिलिंडर घ्या, आणि ते तिसऱ्या पायरीतल्या यादीत मिळवायला विसरू नका. सिलिंडर बदलायला किती वेळ लागतो, आणि बदलणाऱ्याला पाठीत वाकावं लागतं का, तेही पाहा.

रंगाचं काय? मानकात गंधकी पिवळा, आरएएल १०१६, सुचवलेला आहे, पांढराही चालतो. लांबून पिवळा लवकर दिसतो. पैसे कमी असतील तर पांढरी व्हॅन घेऊन पिवळं फिल्म चढवा, विकताना काढून टाकता येतं.

आठवी पायरी: करार आणि ताबा

टेंडरमध्ये ‘ईएन १७८९ नुसार’ एवढीच ओळ लिहिली तर तुम्हाला त्या ओळीपुरतीच गाडी मिळेल. प्रकार, आवृत्ती, स्ट्रेचरचं मॉडेल, भरल्यानंतरचं राखीव वजन, दोन्ही आसांवरची मर्यादा, १० जी चे अहवाल, वायरिंगची ड्रॉइंग आणि सुट्या भागांचा पुरवठा हे सगळं त्यात हवं. गाडी दोन टप्प्यांत बनते: मूळ कंपनी व्हॅन देते, बांधणी करणारी कंपनी तिची अ‍ॅम्ब्युलन्स करते. म्हणून मान्यतेचे कागद दोघांचे असतात आणि गाडीवर दोन निर्मात्यांच्या माहितीच्या पट्ट्या असतात. दारात वाकून त्या वाचा. दुसरी पट्टी नसेल तर ताबा घेऊ नका. वॉरंटीचंही तसंच: बॅटरी वारंवार उतरली तर मूळ कंपनी बांधणीकडे बोट दाखवते आणि बांधणीवाला मूळ कंपनीकडे, तेव्हा तक्रार कुणी घ्यायची हे आधीच लिहून ठेवा.

ताब्याच्या दिवशी गाडी पूर्ण भरून, चारही माणसं बसवून काट्यावर चढवा. एकदा पूर्ण, एकदा फक्त पुढची चाकं, एकदा फक्त मागची. काट्याची पावती करारातल्या आकड्यांशी जुळली तरच शेवटचा हप्ता द्या. बांधणी करणाऱ्या कंपन्या यावर कुरकुर करतात, पण चांगल्या कंपन्या स्वतःच काट्याची पावती देतात.

गाडी रस्त्यावर आली की पहिल्या महिन्यात कर्मचारी तिच्यात भर घालायला लागतात: कुणी मोबाइल चार्जरचा खोका चिकटवतो, कुणी दुसऱ्या बॅगेसाठी हूक मारतो, कुणी मोठा ऑक्सिजन सिलिंडर पट्ट्यानं बांधतो. गाडीच्या फाइलला एक कोरा तक्ता जोडा: काय बसवलं, किती वजनाचं, कशात अडकवलं, कुणाच्या परवानगीनं. रुग्णकक्षाच्या भिंतीत नवीन भोक पाडायचं असेल तर आधी बांधणी करणाऱ्या कंपनीला फोटो पाठवून लेखी होकार घ्या, कारण त्या पॅनेलमागे पट्टी कुठे आहे आणि वायर कुठे आहे ते तिलाच माहीत असतं.